खान्देशी ताट न सोडता वजन उतरवता येते का?

तापीकाठ (जळगाव)

वजन कमी करण्यासाठी माणसाने आपले रोजचे जेवण टाकून परप्रांताचे, किंबहुना परदेशाचे जेवण जेवायला लागावे, हे मला पटत नाही. आणि तरीही आजवर मला जे जे आहार-तक्ते मिळाले, त्या सर्वांची पहिली अट हीच होती. सकाळी ओट्स, दुपारी उकडलेली ब्रोकोली आणि ब्राऊन ब्रेड, रात्री सूप. आमच्या घरात आई-वडील, आम्ही दोघे आणि दोन मुले असे सहा जण एकाच स्वयंपाकावर जेवतो. त्यात एकट्यासाठी वेगळे रांधायचे म्हणजे पत्नीचे काम दुप्पट होते, आणि मी वेगळे ताट घेऊन बसलो की आईला वाटते, मुलाला काहीतरी मोठे दुखणे जडले आहे. असे तक्ते महिनाभर चालतात आणि मग आपोआप बंद पडतात.

माझे वय ४४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८१ किलो, पोटाचा घेर ९८ सेंटिमीटर आणि काम पूर्णपणे बैठे आहे. रक्तातील तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ आली असून अजून औषध सुरू झालेले नाही. सकाळी पोहे, दुपारी पोळी, दोन भाज्या, वरण-भात. रात्री कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा, कांदा आणि वरून शेंगदाण्याचे तेल. आठवड्यातून एकदा शेवभाजी, रविवारी बहुधा वरण-बट्टी, हिवाळ्यात भरीत, उन्हाळ्यात रस. माझे आजोबा हेच अन्न जेवत आणि शेवटपर्यंत सडपातळ होते, म्हणून दोष या अन्नात नाही असे माझे मत आहे. या ताटातले नेमके काय बदलावे आणि किती, हे जाणकारांनी व अनुभवी मंडळींनी सांगावे. मत पटत नसेल तर तेही स्पष्ट लिहावे.

रावेरची_लेक

सुरुवात तेलाच्या डब्यापासून करा, कारण आपल्याकडे तेल मोजून घालण्याची रीतच नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशींमध्ये बैठे काम करणाऱ्या माणसाला दिवसाकाठी वरून वापरायचे तेल-तूप साधारण २० ते २५ ग्रॅम पुरेसे मानले आहे. तुमच्या घरी सहा माणसे आहेत, म्हणजे सगळ्यांना २५ ग्रॅम धरले तरी महिन्याला साडेचार किलो तेल लागायला हवे आणि पंधरा किलोचा डबा तीन महिन्यांपेक्षा जास्त पुरायला हवा. तो जर दीड महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ५५ ग्रॅम तेल पोटात जात आहे. वरच्या ३० ग्रॅमांचे, ग्रॅमला ९ कॅलरी या हिशेबाने, २७० कॅलरी होतात, म्हणजे एका भाकरीपेक्षा जास्त ऊर्जा रोज अशी जाते की ती ताटात दिसतसुद्धा नाही.

डब्यावर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. घरातल्या कोणालाही उपदेश न करता हा एक आकडा सगळे काही सांगतो.

भुसावळकर

रावेरची_लेक, आजच डब्यावर तारीख लिहिली. हा हिशेब इतका सरळ आहे, पण तो कधी कोणी मांडून दाखवला नव्हता.

चोपड्याचा_शेतकरी

तापीकाठ भाऊ, आजोबांच्या दाखल्याशी मी सहमत नाही, आणि तो दाखला जवळपास प्रत्येक घरात दिला जातो म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आजोबांचे ताट आणि तुमचे ताट एक नाही. त्यांच्या काळी रोजची भाकरी दादर ज्वारीची किंवा कळण्याची होती आणि गव्हाची पोळी सणावारी किंवा पाहुणा आला तर होत असे. तेल गावातल्या तेलघाण्यावरून स्वतःच्या शेंगांचे येई आणि ते पुरवून वापरावे लागे. शेवभाजी हा रोजच्या घरचा पदार्थ नव्हता. बट्टी व्हायची ती पाहुणचाराला किंवा देवाच्या कार्याला, दर रविवारी नव्हे. भरताची वांगी हिवाळ्यातच येत, आणि त्या एका हंगामात मनसोक्त भरीत खाल्ले तरी बाकीचे महिने ते दिसतही नसे. आज यातला प्रत्येक पदार्थ बारा महिने मिळतो. पदार्थाचे नाव तेच राहिले, पण त्याची पाळी महिन्यातून एकदाची आठवड्यातून एकदा झाली.

दुसरी गोष्ट कष्टांची. नांगरणी आणि मोट बैलांवर, कापणी विळ्याने, आणि बाजाराला पायी. आता माझ्याच शेतात ट्रॅक्टर आहे, ठिबक आहे, आणि मी बांधापर्यंत मोटारसायकलने जातो. शेतकरी म्हणवणाऱ्यांची पोटेसुद्धा सुटली आहेत, ती यामुळे. दोष अन्नात नाही हे तुमचे म्हणणे अर्धे खरे आहे. अन्न किती वेळा आणि किती श्रमांवर खाल्ले जाते, हा उरलेला अर्धा भाग तुमच्या प्रश्नात आलेला नाही.

सकस_धुळे

मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे आकड्यांपासून सुरुवात करते. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक, २८ येतो. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. पुरुषांच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांचा ८० च्या आत असावा. म्हणजे तुम्ही दोन्ही मापांत पुढे गेला आहात, आणि ६.१ ही साखर मधुमेहपूर्व अवस्थेत मोडते, जिची मर्यादा ५.७ ते ६.४ आहे. घाबरण्याचे कारण नाही, कारण याच अवस्थेत आहार आणि चालणे यांचा सर्वांत जास्त उपयोग होतो. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, सुमारे ७ टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारख्या व्यायामाचे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. चेन्नईत आपल्याच लोकांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही घट सुमारे २८ टक्के होती. तुमच्या बाबतीत ७ टक्के म्हणजे साडेपाच ते सहा किलो. म्हणून ८१ वरून ६५ वर जायचे असे मनात धरू नका. आधी ७५ गाठायचे आहे, आणि तेही आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा वेगाने नको. फार झपाट्याने वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

आता भाकरीविषयी. भाकरी खाल्ल्याने वजन उतरते, असा एक सार्वत्रिक समज आहे. ज्वारीचे पीठ आणि गव्हाची कणीक यांची ऊर्जा वजनाला वजन जवळजवळ सारखी असते. सत्तर ग्रॅम पिठाची भाकरी सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी देते. भाकरीचे फायदे वेगळे आहेत: ती थापताना तेल लागत नाही, ती चावून खावी लागते, आणि दोन भाकऱ्यांत पोट भरल्याचे कळते. कळण्याची भाकरी तर मी आवर्जून सुचवते. अनेक घरांत चार भाग ज्वारीला एक भाग उडीद घेतात. त्यामुळे एका भाकरीतील प्रथिने साधारण सातवरून नऊ ग्रॅमपर्यंत जातात, आणि ज्वारीत कमी असलेले लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) उडदातून मिळते. वजन कमी करताना प्रथिने सर्वांत महत्त्वाची असतात, आणि शाकाहारी घरांत तीच कमी पडतात. प्रत्येक किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम ही शिफारस आहे. तुमच्या पोह्यांच्या न्याहारीत ती फारशी नाहीत.

पाचोरेकर

सकस ताई, मग पोह्यांच्या जागी काय? सकाळी आठला घर सोडणाऱ्या माणसाला जमेल असे सांगावे.

सकस_धुळे

पाचोरेकर दादा, आपल्याकडे पुष्कळ पर्याय आहेत आणि ते सगळे घरचेच आहेत. रात्रीची कळण्याची भाकरी आणि वाटीभर दही. मोड आलेल्या मटकीची उसळ. मूग किंवा हरभरा डाळीचे धिरडे, तव्याला जेमतेम तेल लावून. फुनके तर या कामासाठीच केल्यासारखे आहेत: भिजवलेली डाळ भरड वाटून, कांदा, लसूण, कोथिंबीर घालून वाफवलेली, आणि सोबत कढी किंवा ताक. एका वेळेला दोन-तीन दिवसांचे करून शीतकपाटात ठेवता येतात. अंडी चालत असतील तर प्रश्नच मिटला. पोहे खायचेच असतील तर त्यांत पोह्यांइतकाच मटार, गाजर, कोबी घाला आणि वरची शेव काढून टाका.

अमळनेरकर

मी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीने वजन उतरवले आहे आणि ते दोन वर्षे टिकवले आहे. त्या पद्धतीत ताटातला कोणताही पदार्थ वर्ज्य नाही. कडक भूक लागते त्या दोन वेळा जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचे, आणि मधल्या काळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा याशिवाय काही घ्यायचे नाही. जोडीला रोज ४५ मिनिटे चालायचे. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. तापीकाठ भाऊंनी मांडलेल्या अडचणीवर याहून सोपा उपाय मला दिसत नाही, कारण घरात वेगळे काही शिजवावेच लागत नाही. बाजारपेठेत काम करणाऱ्या आम्हा लोकांचे खरे दुखणे म्हणजे दिवसभरातले किरकोळ खाणे आहे. गिऱ्हाइकाबरोबर चहा, उधारी मागायला आलेल्याबरोबर चहा, दुपारी समोसा, संध्याकाळी कोणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा. ते सगळे एका नियमाने बंद झाले.

शिरपूरची_सून

अमळनेरकर दादा, तुमचा अनुभव मला मान्य आहे, पण माझ्यासारख्या अनेकींना ही पद्धत जमली नाही. पहाटे पाचपासून कामाला लागलेली बाई अकरापर्यंत उपाशी राहिली की डोके दुखते, चिडचिड होते आणि मग जेवताना अंदाज राहत नाही. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने थोडे खा आणि आपले स्थानिक अन्न खा असे सांगतात. मला ते पचले.

सकस_धुळे

दोघांचेही बरोबर असू शकते. २०२२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १३९ लठ्ठ व्यक्तींवरचा वर्षभराचा अभ्यास आला होता. एका गटाने कमी कॅलरी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत घेतल्या, दुसऱ्याने तितक्याच कमी कॅलरी वेळेचे बंधन न ठेवता घेतल्या, आणि वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे वेळेचे बंधन हे कमी खाण्याचे साधन आहे. ज्याला ते पेलते त्याने जरूर वापरावे. मात्र एक सूचना कळकळीने करते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून डोस बदलून घेतल्याशिवाय जेवणे कमी करू नयेत. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनीही हा मार्ग स्वतःच्या मनाने धरू नये.

शिरपूरची_सून

आता या धाग्यात अजून कोणीच न लिहिलेली गोष्ट लिहिते. वर सगळीकडे "ताटातले काय बदलावे" अशी चर्चा चालू आहे, पण ते ताट वाढणारी कोण आहे, तिच्या हातात किती आहे, आणि तिचे स्वतःचे ताट कसे आहे, याचा विचार झाल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही.

आमच्या घरी सर्वांत शेवटी मी जेवते. तोपर्यंत पहिल्या पंगतीतले अर्धी वाटी वरण उरलेले असते, मुलाने टाकलेली पाव पोळी असते, भाजीचा तळ असतो. अन्न टाकायचे नाही हा संस्कार चांगलाच आहे, पण तो पाळण्याची जबाबदारी एकटीच्या पोटावर येते. माझे पहिले वाढलेले ताट मोजके असते आणि वजन वाढते ते या उरलेल्यावर. दुसरे असे की भाजीला तेल किती, हे सून ठरवत नाही. तर्री दिसली नाही तर भाजी बेचव समजली जाते, आणि पाहुण्यांसमोर कमी तेलाची भाजी ठेवली तर घराची नाचक्की होते. मी सासूबाईंशी यावर अनेकदा बोलले. शेवटी उपयोग झाला तो त्यांच्या रक्तदाबाच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून तेल-मिठाचे सांगितले तेव्हा. त्यानंतर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या: स्वयंपाकाचे माप एका माणसाने कमी धरायचे, उरलेले रात्री कोणी "संपवायचे" नाही तर सकाळी सगळ्यांनी वाटून घ्यायचे, आणि मी सगळ्यांबरोबरच जेवायला बसायचे. यात कोणताही आहार-तक्ता नव्हता. वर्षभरात माझे सहा किलो वजन कमी झाले आणि सासूबाईंचेही उतरले.

तापीकाठ दादा, तुम्ही पत्नीला दुप्पट काम पडू नये असे लिहिले, ते वाचून बरे वाटले. पण त्यांचे जेवण कधी आणि कसे होते, हेही एकदा बघा.

चोपड्याचा_शेतकरी

शिरपूरची_सून ताई, हे वाचून मी वाचन थांबवून घरात जाऊन विचारले. आमच्याकडेही असेच आहे. आजपासून सगळे एकत्र बसू.

यावलचा_केळीवाला

एक विषय निघालेला नाही तो मी काढतो. वजन वाढले किंवा साखर वाढली की पहिली बंदी येते ती केळ्यावर, आणि ती लावणारे लोक आमच्याच जिल्ह्यात राहतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, रावेर-यावलच्या शिवारावर निम्मी बाजारपेठ उभी आहे, आणि तरी घरातला लठ्ठ माणूस केळ्याकडे पाहत नाही. मात्र केळीचे वेफर पाकीटभर खातो. मध्यम केळ्यात शंभराच्या आसपास कॅलरी असतात. शंभर ग्रॅम वेफरमध्ये पाचशेहून जास्त असतात. न्याहारीला एक केळे आणि मूठभर शेंगदाणे खाऊन शेतात जाणारी माणसे आमच्याकडे सडपातळ आहेत. जेवण झाल्यावर वरून दोन केळी आणि शिकरण खाणे ही वेगळी गोष्ट आहे.

सकस_धुळे

यावलच्या दादांशी पूर्ण सहमत आहे. एवढेच जोडते की ज्यांना मधुमेह आहे त्यांनी अतिपिकलेले केळे टाळावे, अर्धे किंवा लहान खावे, आणि ते जेवणावर न खाता मधल्या वेळी खावे. शेंगदाण्यांची मूठ मात्र खरोखर मूठच असावी. तीस ग्रॅम दाण्यांतच १७० कॅलरी असतात. त्यांतून सात-आठ ग्रॅम प्रथिनेही मिळतात, म्हणून ते सोडू नयेत.

धडगावचा_शिक्षक (नंदुरबार)

विषयापासून किंचित दूर जातो, पण खान्देश म्हणताना आमचा भाग सुटू नये असे वाटते. मी सातपुड्यात शिकवतो. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत आजही मुलांचे कुपोषण हाच मोठा प्रश्न आहे. माझ्या वर्गातल्या मुलींचे वजन वाढावे म्हणून आम्ही धडपडतो आणि पन्नास-साठ किलोमीटरवरच्या शहादा-तळोद्यात वजन कमी करण्याचे वर्ग चालतात. म्हणून एक विनंती: बारीक असणे म्हणजेच निरोगी असणे असे मुलांसमोर बोलू नये, आणि वाढीच्या वयातल्या मुलामुलींना मोठ्यांच्या आहार-तक्त्यात ओढू नये.

शिकण्यासारखे इकडेही आहे. डोंगरातल्या घरांत नागली, भगर, ज्वारी, मका ही धान्ये आलटून पालटून येतात, पावसाळ्यात रानभाज्या असतात, आणि त्या भाज्यांना तेल नावापुरते लागते. शहरात गेलेली आमची मुले हे सगळे सोडून पाव आणि तळलेले खाऊ लागली की दोन-तीन वर्षांत त्यांची पोटे दिसू लागतात. हातपाय बारीकच राहतात.

डॉ_पांझरा

शिक्षकांचे शेवटचे निरीक्षण वैद्यकीयदृष्ट्या फार महत्त्वाचे आहे. आपल्या लोकांत हातापायांनी सडपातळ पण पोटाने सुटलेली माणसे खूप आढळतात, आणि मधुमेहाचा धोका या पोटाच्या चरबीशी जोडलेला असतो. म्हणून केवळ वजनकाटा पाहू नका. साधी मोजपट्टी घ्या, सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून, कमरेच्या हाडाची वरची कड आणि शेवटची बरगडी यांच्या मधोमध घेर मोजा आणि महिन्यातून एकदा लिहून ठेवा. काही महिने वजन हलले नाही तरी घेर कमी होत असेल, तर काम योग्य चालले आहे.

दोन गोष्टी आणखी. अचानक वजन वाढले असेल, थकवा, सूज किंवा पाळीच्या तक्रारी असतील, तर आधी थायरॉईडची तपासणी करावी. आणि मिठाचे भान ठेवावे: दिवसाला एकूण पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्या ताटात ठेचा, पापड, बिबडे, लोणचे हे सगळे एकाच वेळी असते.

चाळीसगावकर

व्यायामाचे कोणी सविस्तर लिहीत नाही. आपल्याकडे मार्चअखेरपासून जूनपर्यंत ऊन चाळीस-पंचेचाळीस अंशांवर जाते, मग लोकांचे चालणे बंद पडते ते थेट गणपतीपर्यंत. ज्यांना पहाटे साडेपाचला बाहेर पडणे जमत असेल त्यांनी तसे करावे. जळगावकरांना मेहरूण तलाव आहेच. बाकीच्यांनी घरातल्या घरात उठाबशा, जिना आणि सूर्यनमस्कार करावेत. स्नायू टिकवायचे असतील तर नुसते चालणे पुरत नाही.

अमळनेरकर

चाळीसगावकरांशी सहमत. उन्हाळ्यात दुसरी अडचण रसाची. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) रस, सांजोरी, कुरडई हे होणारच आणि ते व्हायलाच हवे. पण त्या दिवसानंतर महिनाभर दोन्ही वेळा वाटी वाटी रस चालतो, आणि तो बहुधा साखर घालून. आमच्याकडे आता आंबा कापून खातात आणि रस फक्त सणाला आणि पाहुणा आला तरच करतात.

रावेरची_लेक

सणांबद्दल माझेही हेच मत आहे. श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट भाऊबंदांतच संपवायचे असतात, तिथे आहार-तक्ता काढून बसणे शोभत नाही आणि त्याची गरजही नाही. वर्षातले खरे सण मोजले तर थोडेच निघतात. वजन वाढते ते उरलेल्या साध्या दिवसांनी.

तापीकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. चोपड्याच्या दादांचा आक्षेप मला मान्य करावा लागतो. आजोबांचे ताट म्हणून मी जे सांगत होतो, ते त्यांच्या सणाचे ताट होते. घरी सगळ्यांना हा धागा वाचून दाखवला. शिरपूरच्या ताईंचा प्रतिसाद वाचताना पत्नी काही बोलली नाही, पण आईच म्हणाली की उद्यापासून सगळे एका वेळी बसू.

ठरले ते असे. डब्यावर तारीख आली आहे. महिन्याच्या साडेचार किलो तेलाची बरणी वेगळी काढली आहे आणि फोडणी तिच्यातूनच होईल. न्याहारीला आठवड्यातले चार दिवस धिरडी, उसळ किंवा फुनके, उरलेले दिवस पोहे, पण शेव न घालता. दुपारी दोन पोळ्या, भाताऐवजी वरणाची दुसरी वाटी, आणि जेवणाची सुरुवात काकडी-मुळा-कांद्याच्या पातीने. रात्री दीड भाकरी, ठेच्यावरचे तेल चमचाभर. कार्यालयात मी दिवसाला पाच चहा घेतो आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असते. चमच्याला वीस कॅलरी धरल्या तरी दोनशे होतात, म्हणून तिथे दोनच चहा आणि तेही बिनसाखरेचे. तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासून इथे कळवीन.

आता दोन शंका राहिल्या आहेत. भरीत आणि शेवभाजी यांचे काय करावे? आणि रविवारची बट्टी वडिलांना सोडवत नाही. ती न तळता चांगली होते का?

रावेरची_लेक

भरीत मुळीच सोडू नका. वांग्याच्या शंभर ग्रॅममध्ये पंचवीसच्या आसपास कॅलरी असतात आणि भाजताना तेलाचा थेंब लागत नाही. वजन वाढवते ती वरची फोडणी, खोबरे-दाण्यांची भर आणि सोबतच्या कळण्याच्या पुऱ्या. किलोभर वांग्यांना दोन मोठे चमचे तेल पुरते. लसूण, हिरवी मिरची आणि कांद्याची पात मात्र सढळ हाताने घाला. पुऱ्यांऐवजी कळण्याची भाकरी घ्या. शेवभाजीला महिन्यातून एकदाची पाळी द्या, रस्सा करताना वाटण कोरडे भाजा, आणि शेव जेवायला बसताना मूठभरच घाला.

सकस_धुळे

बट्टीचे मी सांगते, कारण आमच्या घरी ती आता अशीच होते. गव्हाचे जाडसर पीठ, थोडे मक्याचे पीठ, ओवा, हळद, मीठ आणि मोहनापुरते तेल घालून घट्ट भिजवा. गोळे वाफेवर पूर्ण शिजू द्या, गार करून कापा. इथपर्यंत नेहमीचीच रीत आहे. पुढे तळण्याऐवजी कापलेल्या बाजूला बोटाने तूप लावून ओव्हनमध्ये १८० अंशांवर तांबूस होईपर्यंत ठेवा. मध्ये एकदा उलटा. ओव्हन नसेल तर आप्पेपात्र किंवा झाकण ठेवलेला लोखंडी तवा चालतो, आंच मात्र मंद ठेवावी लागते. वडिलांसाठी पहिल्या रविवारी चार बट्ट्या तळून ठेवा आणि बाकीच्या अशा करा. वरण घट्ट आणि भरपूर करा, त्यावरचे तूप प्रत्येकाने आपल्या ताटात एक चमचा घ्यावे, आणि सोबत वांग्याची भाजी तर्रीशिवाय असू द्या.

पाचोरेकर

गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली बट्टीही तळलेली नसते, आणि ज्यांना अंगण आहे त्यांना तेच सर्वांत उत्तम. राख झटकून तुपात बुडवून काढायची जुनी पद्धत आहे, तिथे फक्त बुडवण्याऐवजी वरून चमचाभर सोडावे.